किती सिलिंडर आजारी आहेत, आणि कोणते?

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या वडिलांची १९६९ सालची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) त्यांच्यामागे माझ्याकडे आली. उघड्या टपाची, दोन एसयू कार्ब्युरेटर, पॉइंटवालं डिस्ट्रिब्युटर (ठिणगी एकेका प्लगला वाटणारं), सगळं मूळचं. सकाळी चोक ओढला की पटकन सुरू होते आणि छान चालते. पाच-सात मिनिटांनी चोक पूर्ण आत ढकलला की आयडलिंगला लंगडायला लागते, स्टिअरिंग थरथरतं, दोनदा उभ्या जागी बंदही पडली. ॲक्सिलरेटर दाबला की सुरुवातीला अडखळते, पण २,५०० आरपीएमच्या पुढे काही तक्रार नाही. चोक थोडा ओढून ठेवला तर आयडलिंग सुधारतं, मग मात्र पेट्रोलचा वास येतो.

वर्षभरात प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर, पॉइंट आणि कंडेन्सर नवे टाकले. कार्ब्युरेटर तीन वेळा ट्यून करून घेतले. दर वेळी दोन दिवस बरी चालते, मग पुन्हा तेच. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन (आतला दाब, पीएसआयमध्ये) मोजलं : १५५, १५०, १५५, १५२. प्लग काढून ओळीने ठेवले तेव्हा पुढचे दोन पांढुरके आणि मागचे दोन तपकिरी दिसले, पण बघणाऱ्याने "ते काही महत्त्वाचं नाही" म्हणून पुसून परत लावले. आता एक जण म्हणतो इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. दुसरा म्हणतो दोन्ही एसयू काढून एकच वेबर (दुसऱ्या कंपनीचा कार्ब्युरेटर) लावा. वडिलांनी इतकी वर्षं याच कार्ब्युरेटरवर गाडी चालवली. काय करू?

उत्तर : आत्ता काहीही विकत घेऊ नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ नेमकी तीच आहे, जी कोणीतरी महत्त्वाची नाही म्हणून सोडून दिली. पुढचे दोन प्लग पांढुरके, मागचे दोन तपकिरी. तुम्ही प्लग काढताना ओळीने ठेवलेत याचं मला फार बरं वाटलं. बहुतेक जण चारही प्लग एका डब्यात टाकतात, आणि इंजिनाने जे लिहून ठेवलेलं असतं ते तिथेच हरवतं.

तीस वर्षांहून जास्त काळ मी जुन्या गाड्यांची इंजिनं उघडतोय. मिसिंगची, म्हणजे सिलिंडर नीट न पेटण्याची, तक्रार आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती सिलिंडर आजारी आहेत, आणि कोणते? एकच असेल तर जे त्या एकट्याचं आहे तिथे बघायचं. त्याचा प्लग, त्याची वायर, त्याचे व्हॉल्व्ह, त्याचे टॅपेट. चारही असतील तर चौघांचं जे सामाईक आहे तिथे. कॉइल, कंडेन्सर, पेट्रोलचा पंप, टायमिंग. आणि दोन असतील तर त्या दोघांच्या वाट्याला काय एकत्र आलंय ते शोधायचं. हा प्रश्न विचारायच्या आधी पाना हातात घेतला की चांगले सुटे भाग उगाच बदलले जातात. तुमच्या बाबतीत तेच झालंय.

एमजीबीचं १,७९८ सीसीचं इंजिन या प्रश्नाला सरळ उत्तर देतं. सिलिंडर रेडिएटरच्या बाजूने मोजायचे. हेडमध्ये (सिलिंडरांच्या डोक्यावर बसणाऱ्या भागात) मिश्रण आत जायला वाटा चार नाहीत, दोनच आहेत. १ आणि २ ची मिळून एक, ३ आणि ४ ची मिळून दुसरी. पहिल्या वाटेवर पुढचा कार्ब्युरेटर बसतो, दुसऱ्या वाटेवर मागचा. त्यामुळे १ आणि २ जोडीने पांढरे पडले की बोट पुढच्या कार्ब्युरेटरच्या बाजूकडे जातं. एक दुसरी शक्यता राहते. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांमधली हेड गॅस्केटची अरुंद पट्टी जळाली तरी ते दोघे एकदम आजारी पडतात. पण मग दोघांचं कॉम्प्रेशन धाडकन खाली येतं. तुमचे आकडे १५० ते १५५ मध्ये आहेत, म्हणजे जेमतेम तीन टक्क्यांचा फरक. गॅस्केट ठीक आहे, व्हॉल्व्हही नीट बसतायत. हेड उघडायचं काही कारण नाही.

आता पांढरा रंग. पांढुरका प्लग म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. चोकची गोष्टही तेच सांगते. एसयूचा चोक हवा अडवत नाही, तो जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) खाली ओढतो आणि पेट्रोल वाढवतो. चोक ओढल्यावर इंजिन सुधारतं याचा अर्थ त्याला पेट्रोल कमी पडत होतं. म्हणूनच गाडी सकाळी छान चालते. तेव्हा चोक बाहेर असतो, आणि दोष चोकच्या मागे झाकला जातो. गरम झाल्यावर दोष तयार होत नाही, फक्त उघडा पडतो.

मग २,५०० च्या पुढे ती सरळ कशी होते? कारण हा दोष पेट्रोल अडण्याचा नाही, हवा घुसण्याचा आहे. आयडलिंगला थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) जवळजवळ बंद असतो. मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटर आणि हेडला जोडणाऱ्या नळांत) ओढ सगळ्यात जोरात असते आणि इंजिन घोटभर हवेवर चालत असतं. अशा वेळी बाजूच्या फटीतून थोडी जरी हवा आत गेली तरी ती त्या घोटातला मोठा हिस्सा होते. थ्रॉटल उघडला की ओढ कमी होते, आणि सरळ मार्गाने इतकी हवा येते की ती फट हिशोबातच राहत नाही. पेट्रोल अडत असतं, म्हणजे पंप थकलेला किंवा फिल्टर तुंबलेला असता, तर याच्या बरोबर उलटं झालं असतं : आयडलिंग ठीक, आणि वेग घेताना, चढावर, गाडी मरगळली असती.

तर तुमचं इंजिन पुढच्या बाजूला हवा खातंय. कुठून, हे शोधायचं.

माझा पहिला संशय थ्रॉटलच्या स्पिंडलवर आहे. तुमच्या गाडीवरच्या एसयूच्या एचएस-४ नमुन्यात हा पितळी दांडा ॲल्युमिनियमच्या बॉडीत फिरतो. पन्नास वर्षं हजारो वेळा ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की दांडाही झिजतो आणि बॉडीतलं भोकही लंबगोल होतं. इंजिन बंद असताना स्पिंडलचं टोक बोटांच्या चिमटीत धरा आणि वर-खाली हलवून बघा. फिरवू नका, हलवा. मागच्या कार्ब्युरेटरचाही तसाच हलवून तुलना करा. पुढचा टकटक वाजत असेल, हाताला खेळ जाणवत असेल, तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

उरलेल्या निम्म्यासाठी एक लहान ब्रश आणि थोडं इंजिन ऑइल घ्या. गाडी मोकळ्या हवेत, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. या गाडीचा पंखा इंजिनावरच फिरतो, तेव्हा मोकळे केस आणि सैल बाही आधी आवरा. इंजिन पूर्ण गरम करा, चोक आत ढकला, लंगडायला लागू द्या. मग ब्रशने तेलाचा एक थेंब स्पिंडल जिथे बॉडीत शिरतो तिथे सोडा. थोडा वेळ थांबा आणि कान द्या. हवा तिथून जात असेल तर थेंब तुमच्या डोळ्यांदेखत आत ओढला जातो, आणि आठ-दहा सेकंद इंजिन एकदम सरळ होतं, जणू काही झालंच नव्हतं. मग तेल वाहून जातं आणि पुन्हा लंगडतं. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय, तरी त्या दहा सेकंदांत अजूनही जिवाला बरं वाटतं.

अनेक जण याच कामासाठी कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे मारतात. या गाडीवर कृपा करून ते करू नका. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला, एकाला एक लागून आहेत. कार्ब्युरेटरच्या खाली तापलेलं लोखंड असतं आणि क्लीनर पेट घेतो. मी स्वतः एका इंजिनावर तशी ज्योत उठलेली पाहिली आहे. आग विझवायचं सिलिंडर हाताशी होतं म्हणून गाडी वाचली. तुम्हीही ते जवळ ठेवा.

स्पिंडल घट्ट निघाला तर पुढे सरका. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये उष्णता अडवणारा ठोकळा, पत्रा आणि त्यांच्या दोन्ही अंगांना पॅकिंग असतात. तीन वेळा कार्ब्युरेटर उतरवताना जुनंच पॅकिंग परत लावलेलं असू शकतं. त्यानंतर मॅनिफोल्ड हेडला जिथे भिडतो ती जागा. इथे एक खोच आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट दोघांचं पॅकिंग एकच, आणि काही नट जाड वॉशरच्या मदतीने दोन्ही मॅनिफोल्ड एकदम दाबतात. एकाची कड दुसऱ्यापेक्षा थोडी जाड असली की वॉशर जाड कडेवर टेकतो आणि पातळ कड सैल राहते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कधी बदलला असेल तर हे नक्की बघा. हिस्स असा आवाज शोधायला हातभर रबरी नळी घ्या. एक टोक कानाशी, दुसरं टोक जोडांवरून हळूहळू फिरवायचं. डॉक्टरांच्या नळीसारखं काम करते.

दोन्ही बाजूंना जोडणारी एक बॅलन्स पाइप मॅनिफोल्डमध्येच आहे, त्यामुळे पुढची गळती मागच्या दोघांनाही थोडी भोवते. पण सगळ्यात जास्त त्रास जवळच्यांना. चारही प्लग सारखेच पांढरे असते तर मी त्या पाइपला जोडलेल्या नळ्यांपासून सुरुवात केली असती. ब्रेकचा सर्वो (ब्रेकला जोर देणारा डबा) बसवलेला असेल तर त्याची नळी आधी.

आता ती तीन ट्यूनिंगं. प्रत्येकाने कमी पडणारं पेट्रोल जेटचा नट फिरवून वाढवलं असणार. आयडलिंग सुधारलं. पण फट तशीच राहिली, आणि झिजलेला स्पिंडल दर वेळी भोकात जरा वेगळ्या जागी टेकतो. आज जुळवलेलं परवा जुळत नाही, ते यामुळे. त्या माणसांचा हात वाईट होता असं नाही. सरकणाऱ्या पायावर कितीही मापात भिंत उभी केली तरी ती सरकणारच.

स्पिंडलच निघाला तर नुसता नवा दांडा घालून अर्धवट गुण येतो, कारण भोकही मोठं झालेलं असतं. बॉडी बोअर करून त्यात बुश बसवायचे आणि नवा दांडा घालायचा, हे पक्कं काम. दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत आली पाहिजेत, म्हणून ते लेथ आणि रीमर जाणणाऱ्याकडेच द्या. आणि दोन्ही कार्ब्युरेटर एकदम करून घ्या. मागचाही तितकीच वर्षं फिरला आहे. परत आल्यावर एक गोष्ट स्वतः डोळ्यांनी बघा. थ्रॉटलची गोल चकती दोन बारीक स्क्रूंवर बसते. त्या स्क्रूंची टोकं चिरलेली असतात आणि बसवल्यावर ती फाकवायची असतात, म्हणजे ते सुटून येत नाहीत. फाकवलेली नसतील तर गाडी सुरू करू नका. तो स्क्रू सुटला तर थेट इंजिनाच्या पोटात जातो.

त्यानंतर ट्यूनिंग, आणि त्यातही क्रम पाळा : टॅपेट, मग इग्निशन, मग शेवटी कार्ब्युरेटर. टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच. व्हॉल्व्ह आठ आहेत, आणि नऊची बेरीज लक्षात ठेवली की चुकत नाही. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिल्याचा टॅपेट मोजा, सातवा दाबलेला असताना दुसऱ्याचा, असं करत जा. पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच, प्लगची ०.०२५. टायमिंग लाइट लावून टायमिंग बघा. मगच कार्ब्युरेटरला हात.

जेटचा नट षट्कोनी आहे. तो एका वेळी एकच बाजू फिरवायचा, खाली नेला की पेट्रोल वाढतं. आणि दर वेळी कार्ब्युरेटरमधला पिस्टन उचलायची पिन हलकेच वर दाबायची, पिस्टन मिलिमीटरभरसुद्धा उचलला जाता कामा नये. इंजिनाचा वेग क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर. वाढून तसाच वर राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन बसायला लागलं तर कमी. आज पुढच्या कार्ब्युरेटरची पिन दाबलीत तर मला वाटतं इंजिन बसायला लागेल. दुरुस्तीनंतर तीच पिन तशीच दाबून बघा, फरक बोटाला कळेल.

हे सगळं करूनही सुरुवातीचं अडखळणं राहिलं, तर आणखी एक जागा सांगून ठेवतो, कारण तिने मला एकदा पुष्कळ दमवलंय. गाडी अशीच होती, हेच डिस्ट्रिब्युटर. आयडलिंगला शांत, ॲक्सिलरेटरला नुसता पाय लावला की धक्के, पूर्ण दाबला की पुन्हा सरळ. मी दोनदा कार्ब्युरेटर खोलले. मग टायमिंग लाइटचा चिमटा आधी कॉइलच्या मधल्या वायरला लावला आणि थ्रॉटल हळूच उघडला, तर लाइटच मधून मधून विझत होता. म्हणजे ठिणगी कॉइलमधूनच निघत नव्हती, पेट्रोलचा संबंधच नव्हता. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) नळी काढून तिचं तोंड बोटाने बंद केलं, धक्के गेले.

कॅप उघडली. आत पॉइंटच्या प्लेटकडे जाणारी एक बारीक लवचीक वायर असते. थ्रॉटल जरासा उघडला की व्हॅक्यूम प्लेटला फिरवतो आणि त्याबरोबर ही वायर वाकते. बाहेरून कापडी आवरण अगदी शाबूत होतं. दोन टोकं धरून हलकेच ओढली तर ती रबरासारखी ताणली गेली. तांब्याची तार अशी ताणली जात नाही. आतला एकूण एक धागा तुटलेला होता, आणि प्लेट वळली की टोकं एकमेकांपासून सुटायची. तुमचीही ओढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. टायमिंग लाइटची ती युक्तीही लक्षात ठेवा : कॉइलच्या वायरवर लाइट चुकला तर दोष पॉइंट, कंडेन्सर, कॉइलकडे. तिथे सलग लागतो पण एका प्लगच्या वायरवर चुकतो, तर कॅप, रोटर किंवा ती वायर. सगळीकडे सलग लागतो आणि इंजिन तरी लंगडतं, तर ठिणगीला सोडा आणि हवा-पेट्रोलकडे वळा.

नवा कंडेन्सर टाकलाय म्हणून तो चांगलाच असेल असं धरू नका. नवे कंडेन्सर गरम होऊन मान टाकताना मी पुष्कळ पाहिलेत. वडिलांनी काढून ठेवलेला जुना कुठे सापडला तर फेकू नका, लावून बघता येतो.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन वाईट नाही. पॉइंट घासायची कटकट जाते. पण ते चौघांना सारखंच मिळेल, आणि तुमचे आजारी दोनच आहेत. वेबरचं म्हणाल तर तो बसवताना मॅनिफोल्डही बदलावा लागेल, नवं पॅकिंग पडेल, गळती जाईल आणि सगळे म्हणतील वेबरने गुण दिला. खरा गुण पॅकिंगचा असेल, आणि वडिलांचे कार्ब्युरेटर तोवर फडताळात गेलेले असतील. ते राहू द्या गाडीवर.

प्रश्न : माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे, १.६ लिटरची. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून खेचायला लावली की धक्के मारते, ओल्या हवेत जास्त. चालू इंजिनावर एकेक प्लगची वायर उपटून पाहिली. २ आणि ३ ची काढली की इंजिन आणखी बसतं, १ आणि ४ ची काढून फारसा फरक पडत नाही. इंजेक्टर साफ करून घ्यावेत का?

उत्तर : इंजेक्टर राहू द्या. पुन्हा तोच प्रश्न विचारू : १ आणि ४ मध्ये सामाईक काय? ते शेजारी नाहीत, इंजिनाच्या दोन टोकांना आहेत. पेट्रोल किंवा हवा त्या दोघांनाच कमी पडावी असं या इंजिनात काही नाही. सामाईक आहे ती कॉइल. या गाडीत डिस्ट्रिब्युटर नाही. हेडच्या मागे दोन कॉइलचा संच आहे, एक कॉइल १ आणि ४ ला एकदम ठिणगी देते, दुसरी २ आणि ३ ला.

पण लगेच कॉइल बदलायला धावू नका. दोन्ही प्लग एकाच कॉइलच्या दोन टोकांना असतात, वीज एका प्लगमधून जाऊन दुसऱ्यातून परत येते. त्यामुळे १ ची एकटी वायर खराब झाली तरी ४ ची ठिणगीही कमजोर होऊ शकते. जोर लावल्यावर आणि दमट हवेत वाढणारं मिसिंग बहुधा वायरींचंच असतं. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला प्लगची फट ओलांडणं जड जातं, आणि ती वायरीच्या जीर्ण रबरातून जवळच्या धातूवर उडी घेते.

रात्री किंवा अंधाऱ्या जागी बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा, बारीक फवाऱ्याच्या बाटलीने वायरींवर पाण्याचं धुकं सोडा आणि हात दूर ठेवून बघा. निळसर रेघा नाचताना दिसल्या तर वायरींचा पूर्ण संच बदला. वायर ओढून काढताना आणखी एक बघा : प्लग दोन कॅमच्या मधोमध खोल विहिरीत बसतात, आणि कॅम कव्हरचं पॅकिंग गेलं की त्या विहिरीत ऑइल साचतं. वायरीचं रबरी टोक ऑइलने फुगलेलं, लिबलिबीत लागलं तर आधी पॅकिंग बदला. नाहीतर नव्या वायरींचीही तीच गत होईल. वायरी आणि प्लग निर्दोष निघाले, तरच कॉइल.

एक कळकळीचं सांगणं. चालू इंजिनावर प्लगच्या वायरी उपटायची सवय अशा गाडीवर मोडा. ठिणगीला जायला वाट उरली नाही की ती कॉइलच्या आतूनच वाट काढते, किंवा तुमच्या हातातून. सिलिंडर तपासायचाच असेल तर इंजेक्टरचं विजेचं कनेक्टर एकेक काढा. माहिती तीच मिळते आणि कोणाला इजा होत नाही.

आणि एवढ्याने भागलं नाही, आयडलिंगही डगमगायला लागलं, तर एअर फ्लो मीटर आणि थ्रॉटलच्या मधली जाड रबरी नळी काढून तिच्या घड्या ताणून बघा. घडीच्या तळाशी चीर असेल तर तिथून शिरलेली हवा मीटरने मोजलेलीच नसते, आणि मोजलेल्या हवेच्या हिशोबानेच कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. वर एमजीबीचं जे सांगितलं त्याचंच हे इंजेक्शनवालं रूप. फरक इतकाच, की इथे चारही सिलिंडर सारखे सोसतात.

प्रश्न : जॅग्वार ई-टाइप, ४.२ लिटर, सहा सिलिंडर. डिस्ट्रिब्युटरची कॅप बदलताना सगळ्या वायरी काढल्या आणि १-५-३-६-२-४ या क्रमाने परत लावल्या. आता सुरूच होत नाही, कार्ब्युरेटरमधून फाट फाट आवाज येतो. क्रम तीनदा तपासला, बरोबर आहे.

उत्तर : क्रम बरोबर आहे, मोजणी उलटी झाली आहे. तुम्ही १ नंबर रेडिएटरकडून धरला असणार. जॅग्वारच्या या इंजिनात १ नंबर मागे, फ्लायव्हीलच्या (गिअरबॉक्सकडच्या) बाजूला असतो. या फायरिंग ऑर्डरची (ठिणगीच्या क्रमाची) गंमत अशी, की उलट्या टोकाने मोजलं तरी क्रम तोच दिसतो, म्हणून तीनदा तपासूनही चूक सापडली नाही. फक्त प्रत्येक ठिणगी क्रँकच्या एका पूर्ण फेऱ्याने चुकतेय. कॉम्प्रेशनच्या शेवटी पडायची ती एक्झॉस्टच्या शेवटी पडते. तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागलेला असतो आणि पेटलेलं मिश्रण कार्ब्युरेटरमधून परत येतं.

इग्निशन बंद करा. कॅपच्या टोकाकडची एकही वायर हलवू नका. फक्त प्लगच्या टोकाला अदलाबदल करा : सगळ्यात पुढची सगळ्यात मागे, दुसरी पाचव्या जागी, तिसरी चौथ्या जागी, आणि त्यांच्या जागच्या इकडे. वायरी लांबीला कदाचित पुरणार नाहीत. तसं झालं तर प्लगकडच्या वायरी जिथे आहेत तिथेच ठेवा आणि कॅपवर प्रत्येक वायर बरोबर समोरच्या टोकात घाला. सहा टोकांच्या कॅपवर परिणाम एकच. सुरू करण्याआधी प्लग काढून कोरडे करा, एव्हाना ते पेट्रोलने भिजलेले असतील.